हिलालपॅड

११ एप्रिल

हॉस्पिटलमागच्या मैदानावरचं काँक्रीट पुरं झालं एकदाचं. ऊन असं की पाणी मारलं की नुसती वाफ. मुख्तारभाई मिस्त्री ओली गोणपाटं अंथरत होते नि मी छत्री धरून उभी. तेवढ्यात ओपीडीच्या रांगेतले दोघं-तिघं येऊन विचारून गेले, "मॅडम, मंत्री कोन येऊ राहिना?" आपल्या धुळ्यात हेलिपॅड म्हणजे मंत्री. चुना मारायचा, बांबू बांधायचे, दुसऱ्या दिवशी तिथं म्हशी. मी सांगते, हे पक्कं आहे, पेशंटसाठी आहे. मान डोलावतात. मग हळूच, "पन उद्घाटनले कोन?"

कर्म.

दुपारी साहेबांनी बोलावलं. याचं जोडीदार हेलिपॅड धारखेड्याला करायचं. धारखेडं म्हणजे तापीकाठचं टेकाडावरचं गाव. उन्हाळ्यात जीप जाते. पावसाळ्यात बंधाऱ्याचं पाणी चढलं की तीन बाजूंनी तापी, चौथीला नाला, होडीशिवाय गत नाही. नुसतं बेट. पेशंट तिथून उचलायचा, इथं उतरवायचा, अशी कल्पना. म्हटलं, सर, पण उचलणार कोण? हेलिकॉप्टर कुणाचं? तर म्हणाले, "ते वरचे बघतील. आपण बांधकामवाले. तुम्हाला अहिराणी येते ना? मग तुम्हीच जा."

अमळनेरला जन्मल्याचा हा फायदा.

१६ एप्रिल

धारखेडं. नाला ठणठणीत कोरडा, जीप थेट मारुतीच्या पारापर्यंत. जागा बघितल्या. शाळेचं मैदान, वरून तारा. टाकीजवळ उतार. खरी जागा एकच, गावाच्या वरच्या अंगाला, हिलाल आबांचं खळं. आबा माजी सरपंच. सत्तरीचे असतील. आवाज असा की नाल्यापलीकडच्या माणसाला फोन लावायची गरज नाही.

त्यांना समजावता समजावता घसा बसला. हेलिकॉप्टर, उतरायची दिशा, पंख्याचा वारा, आजूबाजूला अडथळा नको. आबा नुसते बघतात. शेवटी वैतागून म्हटलं, "आबा, खयं करानं शे. गोल, सपाट, कडक. वर काही नको, बाजूले काही नको." आमच्याकडे जिभेवर ळ टिकत नाही, खळ्याचं खयं होतं. आबांनी मांडीवर थाप मारली. "मंग आशे सांग ना माय! तोंडमा मराठी भरीसन काय बोलस?"

जागा देतो म्हणाले. अट एकच, खळ्यात चपला घालून यायचं नाही, दाणा पडतो तिथं. काढल्या. तळपाय भाजून निघाले. मोजमाप होईपर्यंत मी एका पायावरून दुसऱ्या पायावर, आणि आबा गालात हसतायत.

त्यांची सून सुरेखा लिंबाचं सरबत घेऊन आली. चौथा महिना सरत आलेला. पेला परत घेताना विचारलं, "मॅडम, ते खरंच येईल? न्यायला?" म्हटलं, मग काय गंमत म्हणून बांधतोय का?

२९ एप्रिल

उद्या आखाजी, आमची अक्षय्य तृतीया, लेकींनी माहेरी जायचा सण. जळगावला घरी निघाले होते, तर सुरेखाचा नवरा प्रवीण तिला घेऊन फाट्यावर उभा. माहेर एरंडोल, वाटेवरच. म्हटलं, बस गाडीत.

पारोळा मागे पडल्यावर आपणहून बोलायला लागली. दोन वर्षांपूर्वी, श्रावणात. पाणी भरलेलं. कळा सुरू झाल्या, होडीत घातली, मध्यावर आली नि तिथंच बाळंत झाली. पोर रडलं नाही. पलीकडच्या काठावर रुग्णवाहिका उभी होती. "दिवा फिरताना दिसू राहिला होता, मॅडम. इतकी जवळ." खिडकीबाहेर बघत सांगितलं सगळं. गाडी थांबवून दोघी उसाचा रस प्यायलो. कसला तो उपाय. पण तिनं दोन ग्लास घेतले.

गावाची रीत अशी की पाणी चढायच्या आधी पोटुशा बायका, दमेकरी, म्हातारे सगळे 'पार' जातात. नातेवाइकांकडे, माहेरी, कुठंही. दसऱ्यानंतर परत. त्या वर्षी हिचे दिवस दसऱ्यानंतरचे म्हणून गेली नाही. दिवस आधीच भरले.

एरंडोलला हिची आई दारातच. मला सोडेना, सांजोऱ्या बांधून दिल्या. "औंदा आखाजीपासूनच ठेवून घेते. दसऱ्याशिवाय धाडत नाही." बरं वाटलं ऐकून.

१० मे

धारखेड्याला काँक्रीट. खडी, सिमेंट, सळ्या सगळं नाला कोरडा आहे तोवर आणायची घाई. ट्रॅक्टरवाला रुसला, मिक्सर रुसला, मीही रुसणार होते पण माझं कोण बघतंय.

आबा सकाळपासून खुर्ची टाकून बसलेले. आल्या-गेल्याला सांगतात. आणि आज कानावर आलं, गावात सगळे त्याला 'हिलालपॅड' म्हणतात. आधी वाटलं पोरं चेष्टा करतायत. छे! हेलिपॅड हा शब्द गावाला ऐकूच आलेला नाही. हिलाल आबांच्या खळ्यावर केलेलं, म्हणून हिलालपॅड. सरळ हिशोब. एक म्हातारी मला म्हणते, "धुयालाबी हिलालपॅड शे म्हने? तठे कोन हिलाल शे?"

हसून हसून पोट दुखलं. मुख्तारभाई म्हणे, "मॅडम, रहने दो. प्यार से बोल रहे हैं."

२३ मे

रंगकाम. पांढरी फुली, मधोमध लाल H, हॉस्पिटलच्या पॅडवर असतो तसा. आबांचा पुतण्या फोटो काढता काढता ओरडला, "आबा, हाऊ तं एच शे! एच म्हंजे हिलाल!"

आबा उठले. टोपी काढली, झटकली, परत घातली. अक्षराभोवती अनवाणी फिरून आले. डोळे भरलेले. मी तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं. मुख्तारभाईंनी डोळ्यांनीच नको म्हटलं.

तेवढ्यात भाऊबंदकी जागी. भिका अण्णांनी रस्त्यासाठी बांध दिलाय, ते आले. "मंग मना बी टाका कोपराले." भिकाचा बी! पेंटर ब्रश घेऊन माझ्याकडे बघतोय. अण्णांची समजूत काढता काढता ऊन कलंडलं.

H चा खुलासा राहिलाच. म्हटलं, असू दे. नाव कुणाचं का असेना, पेशंटशी मतलब. सरकारी कामावर गाव इतकं खूश मी तरी कधी पाहिलेलं नाही.

७ जून

सुरेखाच्या आईचा फोन, एरंडोलहून. आधी वाटलं काही बरं-वाईट. तर, पोर परत गेली धारखेड्याला. प्रवीण मोटारसायकलवर घेऊन गेला. आबांचा निरोप आला होता म्हणे, 'आपल्या नावचं इमान उतरणार आहे आता, आपल्या घरची सून दुसऱ्याच्या दारात बाळंत होणार का?' आई रडत होती नि मधेच मला रागावत होती. "ताई, हातचं सोडून पळत्याच्या मागं लागली हो पोर. तुम्ही केलं ना ते, मग तुम्हीच सांगा तिला."

मी काय सांगू?

प्रवीणला फोन लावला. तो एकदम मजेत. "मॅडम, औंदा कोनीच पार जात नाही. भिका अण्णांची दमेकरी बायकोबी घरीच. पॅड आहे ना."

जेवण गेलं नाही. एवढी वर्षं हे लोक आपले आपण पार जायचे. कुणाचं सरकार नको, इंजिनियर नको. आता मी काँक्रीट ओतून त्यांना गावातच बसवलं. असंच झालं ना? का मी उगाच बाऊ करतेय? रवी म्हणतो, तू स्लॅब टाकलास, हेलिकॉप्टर उडवायचं काम तुझं नाही. नवऱ्याला सगळं कसं सोपं दिसतं.

१६ जून

साहेबांच्या मागेच लागले आज. सर, हेलिकॉप्टर नक्की आहे ना? म्हणाले, आहे. कुठं? कंपनीकडं. करार झाला? झाल्यात जमा. मग बोलावलं तर येईल? "चाचणी उड्डाण व्हायचंय अजून." ते कधी? "हवा बघून." आणि चाचणीआधी कुणाला लागलं तर? त्यांनी चष्मा काढून पुसला. "हे बघा, गावकऱ्यांना हो म्हणू नका. पण नाहीसुद्धा म्हणू नका. नाही म्हटलं की बोंब होते."

हो नाही. नाही नाही. मग म्हणायचं काय माणसानं?

माधुरीकडे गेले. माझी शाळेतली मैत्रीण, इथंच हॉस्पिटलला बाळंतपणाची डॉक्टर. ती सरळ म्हणाली, पहिल्या वेळची हकीगत बघता ती बाई पार हवी, आत्ता. हेलिकॉप्टर आलं तर बोनस समज.

२७ जून

नाल्याला पाणी. परवापर्यंत मोटारसायकल जात होती म्हणे, आज होडी. मी पोहणारी नाही. होडीची कड धरून डोळे मिटून बसले, होडीवाला हसतोय.

ठरवूनच गेले होते की म्हाताऱ्याचं मन मोडलं तरी चालेल. सगळं घोडं त्या नावापाशी अडलंय, नाव काढून घेतलं की सुटेल. वाटभर वाक्यं जुळवली. पोचल्यावर सगळी विसरले. धाडकन म्हटलं, "आबा, तो एच तुमचा नाही. एच म्हणजे हॉस्पिटल. धुळ्याच्या पॅडवरही तोच आहे."

अंगणात भिका अण्णा, पुतण्या, दोन-चार बायका.

आबांनी विडी विझवली. "माले काय समजत नही का? धुयाना एच मी देखेल शे. पुतण्याले हौस, करू दिधी." मग आवाज चढला. "नाव कोनंबी राहो. येई आशे तू सांगेल व्हतं. आते सांग, येई का नही?"

साहेबांचं ते वाक्य तोंडात आलं, लाज वाटली, गिळलं. म्हटलं, नक्की नाही. चाचणी झाल्याशिवाय नाही.

"मंग गावले कसाले बसाडं?"

मग गावाला बसवलं कशाला. भिका अण्णासुद्धा त्यांच्या बाजूनं मान हलवत होते, हे नवल.

म्हटलं, आबा, निदान सुरेखाला आज माझ्याबरोबर पाठवा. तर म्हणाले, "मी धरेल नही तिले. इचार तिलेच."

सुरेखा घरात नव्हती. पॅडवर बसली होती, अनवाणी, पाय पसरून, कापडाचे तुकडे जोडत. गोधडी करतेय. मी म्हटलं, चल. ती नाही म्हणाली. आबांचा निरोप हे निमित्त. ही मनानंच आली होती. "मॅडम, एरंडोलला पडल्या पडल्या तेच दिसे. पाणी, दिवा. इथं येऊन बसते ना, तर झोप लागते. तुम्ही म्हटल्या ना, गंमत म्हणून बांधलं का. ते वाक्य रोज आठवते मी." म्हटलं, अगं पण ते येईलच असं... तिनं हात वर केला. "नका सांगू. आता नाला भरला. आता जायचं म्हणजे होडी. मी होडीमा पाय ठेवाव नही."

मी आठवडाभर आधी गेले असते तर मोटारसायकलवरून जाता आलं असतं तिला. दहा दिवस मी साहेबांच्या हो-नाहीत घालवले.

परतताना होडीत डोळे उघडे होते. मध्य कुठं येतो ते बघत होते.

१९ जुलै

चाचणी! धुळ्याच्या पॅडवर हेलिकॉप्टर उतरलं. धूळ, टाळ्या, परिचारिका गच्चीवर, ओपीडी रिकामी. एक आजोबा सलाईनची बाटली हातात धरून बघायला आलेले. माधुरीसुद्धा पोरीसारखी उड्या मारत होती. मीही. खोटं कशाला बोलू, छाती भरून आली. आपण केलेल्या गोलावर बरोब्बर बसलं ते.

इथून धारखेड्याला जायचं होतं. वैमानिकानं आभाळ बघितलं, कुणाशी तरी बोलला नि म्हणाला, आज नको, तापीवर ढग खाली आहेत. पुन्हा येऊ. कधी? हवा बघून.

प्रवीणला कळवायला फोन केला तर मागे डफ वाजत होता. गावानं पॅड झाडून, सडा घालून ठेवलेला. पत्र्यांवर दगड ठेवले, कडबा बांधला, मी सांगितलं होतं तस्सं. बायकांनी ओवाळायला ताटं केलेली. म्हटलं, नाही येत आज. तिकडून एवढंच, "बरं." डफ थांबला. मला वाटतं सुरेखा शेजारीच उभी असावी. विचारलं नाही.

साहेब खूश. म्हणाले, अर्धी चाचणी तर झाली! अर्धी चाचणी म्हणजे काय ते मला कुणीतरी सांगा.

२ ऑगस्ट

माधुरीचा हट्ट, होडीत नर्स पाठवू, जॅकेट पाठवू, पडदा लावू, पाणी दिसणारच नाही. सुरेखाला फोन केला. सगळं ऐकून घेतलं. "बघू." आठवा लागलाय. गोधडी झाली म्हणाली. मग मलाच विचारते, तुम्ही जेवत नाही का, आवाज असा का येतो.

ती मला धीर देतेय. उलटी गंगा.

आबांशी बोलावं तर ते माझा फोन घेत नाहीत. घेतला एकदा, नि नुसतं "हं" म्हणून प्रवीणकडं दिला. त्यांचा राग बरोबर आहे. माझा राग कुणावर काढू? साहेबांवर? ढगांवर? पॅड नसतं तर ती आज एरंडोलला असती. आणि पॅड नसतं तर पुढच्या साली, त्याच्या पुढच्या साली, तीच होडी. दोन्ही खरं. दोन्ही एकदम खरं कसं असतं पण?

९ ऑगस्ट

राखी. रवी जळगावहून आला होता, माझा भाऊ अमळनेरहून. बासुंदी केली. सगळं ठीक होतं. मधेच आभाळाकडे बघत बसले तर भाऊ म्हणे, ताई, पाऊस मोजतेस का? ढग किती खाली आहेत ते बघायची सवय लागलीय. मेलं डोकं.

आज ऊन होतं चांगलं. आज का नाही ठेवली चाचणी? सुट्टी होती म्हणे.

१४ ऑगस्ट

सकाळी

प्रवीणचा फोन. कळा. पहाटेपासून थांबून थांबून. आठव्यातच. माधुरीला कळवलं, तिनं तिथल्या तिथे मागणी वर पाठवली. साहेब म्हणाले, चाचणी बाकी असलेल्या पॅडवर परवानगी कठीण आहे, पण बोलतो. पहिल्यांदा त्यांच्या आवाजात माणूस ऐकू आला. बोलतो म्हणाले नि खरंच बोलत बसले, मी केबिनबाहेरून ऐकत होते. "पाहतो," असं उत्तर तिकडून. पाहतो म्हणजे हो की नाही?

मग सुरेखानंच फोन घेतला. दम लागलेला. "मॅडम, एकच सांगा. येईल?"

हो म्हटलं तर थांबेल. नाही म्हटलं तर... म्हटलं, "माहीत नाही गं. खरंच माहीत नाही."

मागे आबांचा आवाज, कुणाला तरी हाका. मग ती म्हणाली, "बरं. मंग येस मी होडीत." आणि फोन ठेवला.

मी रडले का? रडले. बाथरूममध्ये जाऊन, नळ सोडून. मग तोंड धुतलं नि निघाले.

नंतर, काठावर

नाल्याच्या अलीकडच्या काठावर. गाडीत बसून लिहितेय, हाताला काहीतरी काम हवं. रुग्णवाहिका शेजारी. तिचा दिवा बंद करायला लावला मी. ड्रायव्हर म्हणे का? म्हटलं, कर बंद, विचारू नको. पाऊस थांबलाय. पाण्याला रंग गढूळ तांबडा, लाकडं वाहतायत. होडी पलीकडून सुटली हे प्रवीणनं कळवलं. आत सुरेखाबरोबर तो, होडीवाला, गावची आशा सेविका आणि आबा. आबा कशाला आले असं विचारलं तर म्हणे, ऐकत नाहीत, तिच्या डोक्यावर छत्री धरून बसलेत. वळणामागून येणार, इथून दिसत नाही अजून.

आणि आत्ता फोन. साहेब. श्वास लागलेला. "परवानगी मिळाली! हेलिकॉप्टर निघालं. पेशंटला धारखेड्याच्या पॅडवर तयार ठेवा."

म्हटलं, सर, ती होडीत आहे. "मग परत फिरवा! पोचेलच ते!" पोचेल? ढग? "वैमानिक म्हणतो, प्रयत्न करतो." प्रयत्न.

प्रवीणला सांगणं भाग होतं. सांगितलं. तो ओरडून विचारतोय, वाऱ्यात अर्धं ऐकू येतंय, "आम्ही मध्यावर शे! मांगे फिरू का पुढे येऊ? मॅडम! मांगे का पुढे?" मागे तिचं कण्हणं. आबांचा आवाज, पहिल्यांदाच हळू, "तिले इचारू नको रे. बाईले इचार. बाई सांगी तसं."

बाई म्हणजे मी.

मागे फिरावं तर हेलिकॉप्टर उतरेलच याची खात्री नाही. पुढे यावं तर इथून धुळ्याचा रस्ता, खड्डे, आणि तिच्याकडे तेवढा वेळ आहे का, मला काय कळतं? मी सिमेंट ओळखते. प्रवीणकरवी आशाताईला विचारलं, ती म्हणते काही सांगता येत नाही.

"पुढे या," म्हटलं मी. "पुढेच या." फोन कटला. परत लावतेय, लागत नाही.

साहेबांना कळवलं, हेलिकॉप्टर धारखेड्याला नको, या काठावर कुठं उतरवता येतं का बघा. म्हणाले, तिथं पॅड कुठं आहे? म्हटलं, शेत आहे, कपाशी आहे, उतरवा कपाशीवर, मी भरून देते. काय बोलले देव जाणे.

आवाज येतोय. लांबून. ढगांच्या वरून की खालून, ते कळत नाही. कदाचित ट्रॅक्टरही असेल. ड्रायव्हर खाली उतरून वर बघतोय. मी वर बघतच नाही, पाण्याकडे बघतेय.

वळणावर अजून काही नाही. एकदा वाटलं छत्री दिसली. काळी. लाकूड असेल. नाही, पुन्हा दिसली. छत्रीच आहे, वर धरलेली...